दोन बेटांमधे भराव टाकून कॉजवे केला तर नक्की काय बिघडतं?

भरतीओहोटी:
असाइनमेंटसाठी वाचतेय. समजा दोन छोटी बेटं आहेत, मधे ७००-८०० मीटरची खाडी, ओहोटीला बराचसा भाग उघडा पडतो, मधोमध एक खोल पट्टा तेवढा राहतो. तिथे डबर-वाळूचा भराव टाकून रस्ता केला तर नुकसान नेमकं कसलं? बांधकामाने पाणी गढूळ होणार ते कळतं, पण ते पुढे निवळेलच ना? आणि खालून पाइप टाकले की भागतं का? सगळीकडे नुसतं 'परिणाम होऊ शकतो' लिहिलंय, काय होतं ते कोणी सांगतच नाही.

गाळवाला:
गढूळपणा त्यातल्या त्यात बरा. समुद्रगवतावर आणि प्रवाळावर गाळ बसला की मरतात ती, पण निदान सिल्ट कर्टन (गाळ अडवायला पाण्यात टांगलेला पडदा) लावून आटोक्यात ठेवता येतं. खरा घोळ काम संपल्यावर सुरू होतो. ती खाडी म्हणजे मोकळी पडलेली जागा नाहीये, बहुतेक ठिकाणी दिवसात दोन भरत्या नि दोन ओहोट्या, तेवढ्या वेळा त्यातून पाणी जातंयेतं आणि त्याच्याबरोबर वाळू, माशांची अंडी, पिल्लं, सांडपाणी, सगळंच.

प्रशांत महासागरातल्या किरिबाती देशातलं तारावा बघ. तिथली बेतिओ आणि बैरिकी ही बेटं जोडणारा कॉजवे १९८७ मधे पूर्ण झाला, आणि आत लगूनमधे (बेटांनी वेढलेल्या उथळ पाण्यात) बिकेमान नावाचं छोटंसं बेट होतं ते वाळूची आवक तुटल्यावर झिजत झिजत पाण्याखाली गेलं. बाहेरच्यांनी ते समुद्रपातळी वाढल्याच्या खात्यावर मांडलं, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. तिथल्या कॉजवेंमुळे बोनफिश नावाच्या माशांच्या अंडी घालायला बाहेर जायच्या वाटाही अडल्या, आणि लोकांचं रोजचं खाणंच मासे.

जुना_खलाशी:
नुकसानच होतं असं नाही हां, जागा बदलते. स्कॉटलंडच्या ऑर्कनीत १९३९ मधे जर्मन पाणबुडीने स्कापा फ्लो या नौदलाच्या तळात शिरून रॉयल ओक ही ब्रिटिश युद्धनौका बुडवली, मग चर्चिलने बेटांमधल्या फटी काँक्रीटचे ठोकळे टाकून बुजवल्या. आज चौथ्या बांधाच्या पूर्वेला चक्क पुळण आणि वाळूच्या टेकड्या आहेत, वाट अडवायला बुडवलेली जुनी जहाजं वाळूत गाडली गेलीत. लोक फिरायला जातात तिथे.

गाळवाला:
@जुना_खलाशी मान्य, पण तिथे साचली ती वाळू कुठेतरी दुसरीकडे जायची होती ना? ज्याला मिळाली तो खूश, ज्याची तुटली त्याला विचार.

मोरी_नंबर_३:
पाइपचं मी सांगतो, बंधारे-रस्त्यांच्या कामात आयुष्य गेलंय. बारक्या मोऱ्या टाकून काही होत नाही. ७०० मीटरमधून जाणारं पाणी तू चार पाइपातून काढणार म्हणजे तोंडाशी वेग इतका वाढतो की तळ खरवडला जातो, त्या वेगाला मासे उलटे पोहू शकत नाहीत, आणि बाकीच्या भागात पाणी मंदावून गाळ बसतो. वर शिंपले आणि शेवाळ धरून पाइप अर्धे बुजतात ते वेगळंच, साफ कोण करणार, उद्घाटनानंतर कोणी फिरकत नाही. उथळ भागात भराव चालेल एकवेळ, पण तो खोल पट्टा आहे ना तुझा, तिथे खांबांवरचा पूलच हवा आणि तळ मोकळा. खर्च वाढतो म्हणून नेमकं तेच पहिल्यांदा कापलं जातं.

वादळाचाही विचार कर. स्कॉटलंडमधेच बेनबेक्युला आणि साउथ उइस्ट या बेटांमधला पूल जाऊन १९८० च्या दशकात भराव झाला, २००५ च्या जानेवारीतल्या वादळात एका कुटुंबातली पाच माणसं बुडाली, आणि बांधात उघडी जागा कमी म्हणून पाणी चढलं असं तिथले लोक सांगतात.

भरतीओहोटी:
बापरे, हे कुठेच नव्हतं वाचलं. मग चुकलंच तर नंतर फोडता येतो का?

मोरी_नंबर_३:
येतो, पण वेळ जातो. कॅनडात पेटिकोडिअ‍ॅक नदीवर १९६८ मधे असाच भराव टाकला, खालचं पात्र गाळाने अरुंद झालं, २०१० ला भरावातले पाण्याचे दरवाजे उघडले आणि शेवटी रस्त्यासाठी पूल बांधला. म्हणजे खर्च दोनदा.

खारफुटी:
एक राहिलं, उंदीर. मधे पाणी असतं तोवर ज्या बेटावर उंदीर-मांजर नाही तिथे पक्षी जमिनीवर अंडी घालतात. रस्ता झाला की रात्रीत चालत जातात ते. असाइनमेंटमधे टाकच, हा मुद्दा सगळे विसरतात. आणि भरावाची वाळू कुठून आणणार तेही विचार, त्याच किनाऱ्यावरची उपसली तर मग बोलायलाच नको.