मदत हवी आहे: एफएमआरआयचा (मेंदूचा कुठला भाग कामात आहे ते दाखवणाऱ्या स्कॅनचा) डेटा हाताळायला शिकवणारं पुण्यात कोणी आहे का?

नमस्कार मंडळी. मी मानसशास्त्रात एमए करतेय, राहायला कोथरूडला. मराठी वाचताना मेंदूत काय घडतं, यावर प्रबंध करायचा आहे.

गेल्या महिन्यात एका प्रयोगासाठी स्वतः स्कॅनरमध्ये झोपले होते. चेहऱ्यावर पिंजऱ्यासारखी कॉइल, कानात बोळे, तरी ती ठकठक दातांपर्यंत जाणवत होती. उजव्या हाताची बोटं हलवायची, थांबायचं, पुन्हा हलवायची. नंतर पडद्यावर मेंदूच्या डाव्या बाजूचा पट्टा उजळलेला दिसला आणि अंगावर काटाच आला.

अडचण अशी, की हे यंत्र चेतापेशींचं काम थेट बघत नाही. त्या कामाला लागल्या की तिथल्या रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण बदलतं आणि त्यानुसार चुंबकीय संकेत बदलतो, ते टिपतं (१९९० मध्ये जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावांनी दाखवलेलं तत्त्व). हा प्रतिसाद शिखरावर पोचायला ५-६ सेकंद लागतात. शब्द तर सेकंदाच्या आत वाचून होतो! मग लागोपाठच्या शब्दांचे प्रतिसाद वेगळे कसे काढायचे? इथेच घोडं अडलंय. शिवाय डोकं जरा हललं तरी आकडे बिघडतात, ते कसं निस्तरायचं तेही कळत नाही.

स्कॅनरचा खर्च मला झेपणारा नाही, म्हणून ओपनन्यूरो या संकेतस्थळावरचा मेंदूच्या स्कॅनचा खुला डेटा उतरवून घेतलाय. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा जेमतेम येते. आयसर ही विज्ञानसंस्था, विद्यापीठ, एखादं रुग्णालय, कुठलेही असा, पण कोणी रविवारी दोन तास समोर बसवून शिकवेल का? पाषाण, औंध, हडपसर, म्हणाल तिथे येईन. लॅपटॉप घेऊनच येते.