व्हॉट्सअ‍ॅप असताना लेटरहेडवरची पत्रं कशाला? (सोलापूर, टॉवेल-चादर व्यवहार)

चाटीगल्ली:
पूर्व भागात काय आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत काय, भाव, ऑर्डर, बिल्टीचा (ट्रान्सपोर्टच्या पावतीचा) फोटो, उधारीचा तगादा, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर चालतं. कॉमर्सच्या पोरांकडून मात्र विचारणापत्र, दरपत्रक, मागणीपत्र, तक्रारपत्र, वसुलीपत्र अजून घोकून घेतात. माझं म्हणणं, यातलं निम्मं तरी काढून टाकावं. पत्र लिहून भाव विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत सुताचा भाव हललेला. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०-अ सांगतं की करार निव्वळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून बाद ठरत नाही. मग लेटरहेड छापायची हौस कशाला?

जमाखर्च:
करार झाला हे कोण नाकारतंय? काय ठरलं, ते सापडत नाही ही अडचण आहे. "अण्णा, मागचाच माल २०० डझन टाका" यात मागचा म्हणजे कोणता? मागणीपत्रात माप, जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन), रंगवार डझन, पॅकिंग, भाव जीएसटीसह की वेगळा, भाडं कुणाकडे, एवढं हवंच. सगळ्यात जास्त भांडणं लावणारी ओळ तर कुणी लिहीतच नाही: "३० दिवसांची उधारी" बिलाच्या तारखेपासून की माल पोहोचल्यापासून? माल लांब जाणार असेल तर तेवढ्यावरून आठवड्याचा फरक पडतो.

दरपत्रकाचंही तेच. "हा भाव अमुक तारखेपर्यंत" ही ओळ नसेल तर पार्टी महिन्याने जुना भाव धरून बसते. आणि होकार देताना पार्टीने "मंजूर, पण भाडं तुमच्याकडे" असं लिहिलं तर तो होकार नव्हेच. करार कायद्याच्या कलम ७ प्रमाणे होकार बिनशर्त लागतो. अटीचा होकार म्हणजे नवा प्रस्ताव. तो न वाचता माल भरला की भाडं तुमच्या अंगावर.

टॉवेलवाला:
हे सगळं एका पानाच्या ऑर्डर फॉर्मात बसतंय की! पीडीएफ करा, पाठवा, "मान्य" एवढं उत्तर घ्या. "आपणांस कळविण्यास आनंद होतो की" कशाला पाहिजे? दुसरं असं, जुन्या पार्टीला अचानक लेटरहेडवर पत्र गेलं की ती बिचकते. वर्षानुवर्षं फोनवर बोलणारा माणूस आज कागद का पाठवतोय, असं तिच्या मनात येतं. कागदाने नातं थोडं थंड पडतं, हे धंद्यात बसलेल्याला सांगायला नको.

काटा:
विचारणा आणि दरपत्रक व्हॉट्सअ‍ॅपला देऊन टाका, माझी हरकत नाही. पण तक्रारपत्राला हात लावू नका. विकणारा सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घ्यावी लागते. नाही घेतली तर माल मिळाला त्याच दिवशी पसंत धरला जातो आणि पैसे देण्याची मुदत त्या दिवसापासून मोजली जाते: लेखी ठरलेलं नसेल तर १५ दिवस, ठरलेलं असेल तरी ४५ च्या वर नाही. फोनवर "माल हलका आलाय ओ" म्हटलं तर ती लेखी हरकत होत नाही.

पत्र एवढंच असावं:

"विषय: बिल क्र. ११८, दि. ४ जून: टॉवेलच्या वजनातील तफावत.
वरील बिलाचा २०० डझन माल ९ जून रोजी आमच्या गोदामात पोहोचला. मागणी ३०×६० इंच, ४०० जीएसएमची होती. त्या हिशेबाने नग सुमारे ४६५ ग्रॅम भरायला हवा. ५ बॉक्समधील २५ नगांचे सरासरी वजन ४२० ग्रॅम भरले. माल न वापरता वेगळा ठेवला आहे. ७ दिवसांत आपला माणूस पाठवून समक्ष वजन करून घ्यावे, अन्यथा वजनाच्या प्रमाणात क्रेडिट नोट द्यावी. इतर बिलांची रक्कम ठरल्या तारखेस देत आहोत."

शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसलं की समोरचा म्हणतो, पैसे द्यायचे नाहीत म्हणून खोट काढली.

टॉवेलवाला:
आणि तो खरंच तसं म्हणतो, कारण पुष्कळदा तसंच असतं! पैशाची तारीख जवळ आली की तक्रारपत्र निघतं. वजनाचं म्हणाल तर उन्हाळ्यात सोलापूरची हवा कोरडी, सुती माल हलका भरणारच. ६५ टक्के आर्द्रतेत ठेवून मोजा, मग बोला.

काटा:
त्या प्रमाण हवेत (६५ टक्के आर्द्रतेत) सुती मालात साधारण ८.५ टक्के ओल धरतात. म्हणजे टॉवेल भट्टीत घालून पार कोरडा केला तरी वजन ८ टक्क्यांच्या वर उतरत नाही. इथे जवळपास १० टक्के कमी आहे. हवेच्या नावावर एवढं खपत नाही. मात्र तुमचा पहिला मुद्दा खरा आहे, म्हणून विकणाऱ्यानेही गप्प बसू नये. हरकत चुकीची असेल तर कारणांसह लेखी नाकारा. बरोबर असेल तर माल बदलून "आपल्या अमुक पत्रातील हरकत अमुक तारखेला दूर केली" असं कळवा, कारण पैसे देण्याची मुदत त्या दिवसापासून मोजली जाते. बहुतेक जण माल बदलतात आणि हेच पत्र विसरतात.

मंगळवारपेठ:
वसुलीपत्रांवर कुणीच बोललं नाही. पुस्तकात तीन पायऱ्या असतात: आठवण, ताकीद, शेवटची सूचना. पहिल्यात बिल क्रमांक, तारीख, रक्कम आणि सोबत खातेउतारा. दुसऱ्यात देण्याची ठाम तारीख. तिसऱ्यात पुढे काय करणार ते, आणि जे करणार नाही ते लिहू नये. दर पंधरा दिवसांनी "शेवटची सूचना" गेली की पार्टी ती उघडूनही बघत नाही.

एक गैरसमज मात्र घट्ट बसलाय: स्मरणपत्रं पाठवत राहिलं की दाव्याची मुदत वाढते. अजिबात नाही. उधारीच्या दाव्याला ३ वर्षं. तुम्ही शंभर पत्रं लिहा, मुदत हलत नाही. ती नव्याने सुरू होते देणेकऱ्याच्या लेखी, सहीच्या कबुलीने (मुदत कायदा १९६३, कलम १८), तीही ३ वर्षं संपायच्या आत. म्हणून दर ३१ मार्चला बाकी कबुलीचं पत्र पाठवा: "आपल्या खाती दि. ३१ मार्च अखेर रु. … येणे दिसते. बरोबर असल्यास सही-शिक्क्यासह एक प्रत परत करावी." मुनिमाची सही घेताना त्याला तो अधिकार आहे ना, ते बघा. मुदत उलटून गेल्यावर नुसती कबुली पुरत नाही, "देईन" असं लेखी, सहीचं वचन लागतं.

चाटीगल्ली:
बाकी कबुलीचं मान्य. पण तीही ई-मेलने चालते. ई-मेलवरची कबुली न्यायालयांनी धरलेली उदाहरणं आहेत. तुम्ही सगळे कागद विरुद्ध फोन असं भांडताय. मी म्हणतोय, ई-मेल पुरे.

जमाखर्च:
ई-मेल पुरतो, पण कंपनीच्या पत्त्यावरून आला तर. सेल्समनच्या खासगी खात्यावरून आलेला "ओके सर" म्हणजे कुणाची कबुली? व्हॉट्सअ‍ॅपचं तर विचारू नका. मेसेज आपोआप पुसायची सोय चालू असते, निळी खूण बंद ठेवता येते, माणूस नोकरी सोडतो आणि नंबर सोबत नेतो. कोर्टात नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं, दुसरा भाग तज्ज्ञाचा, त्यात हॅश व्हॅल्यूही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा). सहीच्या कागदाला ही यातायात नाही.

मंगळवारपेठ:
चेक परत आला असेल तर ई-मेलच्या भरवशावर राहू नका. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणीची नोटीस, ती मिळाल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस, तरीही नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. नोटीशीत चेकची रक्कम तंतोतंत आणि वेगळी लिहा. चेक ८० हजारांचा आणि मागणी "एकूण बाकी १ लाख ४० हजार" अशी मोघम केली की प्रकरण तिथेच लंगडं होतं. स्पीड पोस्टने पाठवा, पोचेची सोय घ्या, पावती फाइलला लावा. पत्ता बिलावर आहे तोच घाला, नाहीतर "पत्ता अपुरा" शेरा घेऊन लखोटा परत येतो आणि ३० दिवस निघून गेलेले असतात.

टॉवेलवाला:
ठीक आहे. तक्रार, तिचं उत्तर, बाकी कबुली, चेकची नोटीस, ही चार कागदावर. बाकीची फोनवर. आणि हैदराबादच्या पार्टीला बाकी कबुली मराठीत पाठवायची का, ते सांगा आता.

जमाखर्च:
तिच्या मुनिमाला वाचता येईल त्या भाषेत. सही करणारा उद्या "मला कळलंच नाही" म्हणाला तर?