पुरासाठी हॅम रेडिओची पिशवी: सेट कोणता, बॅटरी किती, तार कशी?

वाशिष्ठीकाठची:
नमस्कार. मी चिपळूणची, बाजारपेठेत आमचं औषधांचं दुकान आहे. २२ जुलै २०२१ ला पाणी जिन्याच्या वरच्या पायऱ्यांना लागलं तेव्हा सासूबाई, मी आणि दोन मुलं वरच्या मजल्यावर अडकलो. आधी वीज गेली, मग रेंज. भाऊ पुण्यात फोन लावत बसलेला. आम्ही जिवंत आहोत हे त्याला तिसऱ्या दिवशी कळलं. तेव्हाच ठरवलं होतं, हॅम रेडिओ म्हणजे हौशी लोकांचा परवानाधारक बिनतारी संच शिकायचा. अभ्यास करून परीक्षा दिली आणि आता परवाना हातात आहे.

दाराशी एक पिशवी भरून ठेवायची आहे. माझ्याकडे ५ वॉटची व्हीएचएफ हँडी, म्हणजे हातात धरायचा छोटा सेट, आहे. गच्चीवरून गावात बोलणं होतं, घाटापलीकडे काही जात नाही. पैसे हळूहळूच खर्च करता येतील, तर आधी काय घेऊ? वजन मला एकटीला उचलेल एवढंच हवं.

घाटमाथा:
ताई, परवान्याबद्दल मनापासून अभिनंदन. मी टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झालो, कराडला असतो.

हँडी ठेवा, गल्लीत आणि बोटीवाल्यांशी बोलायला तीच कामाची. पण व्हीएचएफ जवळजवळ सरळ रेषेत जातं, आणि तुमच्या पूर्वेला सह्याद्री उभा आहे. डोंगरावरचा रिपीटर, म्हणजे आवाज पकडून पुढे पाठवणारा सेट, चालू असेल तर ठीक, पण त्यालाही वीज लागतेच. तुम्हाला ४० मीटर बँड, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी, हव्यात, आणि अँटेना ठेंगणी हवी.

हे नव्या माणसाला उलटं वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो. ७.१ मेगाहर्ट्झला दोन्हीकडे साधारण १०-१० मीटर तार. मधला भाग चार-पाच मीटर उंच बांबूवर, टोकं दोन्हीकडे उतरती, पण कुणाचा हात पोचणार नाही इतकी वर. एवढ्या कमी उंचीवरून लहरी बऱ्याचशा सरळ वर जातात आणि आयनांबरावरून, म्हणजे आकाशात खूप उंच असलेल्या विद्युतभारित थरावरून, परतून चहूकडे दोन-तीनशे किलोमीटरपर्यंत उतरतात. मध्ये डोंगर असला तरी बिघडत नाही. पुणे, सातारा, कोल्हापूर सगळं त्यात आलं. हे दिवसाचं झालं. रात्री तो थर विरळ होतो, ७ मेगाहर्ट्झ बहुतेक वेळा आरपार निघून जातं, मग ८० मीटर बँडवर उतरावं लागतं. त्याला एकेका बाजूला २० मीटर तार. मी १० मीटरवर तार तोडून इन्सुलेटर घातलाय आणि मगरचिमटा लावलाय. चिमटा जोडला की ८०, सोडला की ४०.

विजेच्या तारांपासून लांब बांधा. कडकडाट सुरू झाला की सेटची केबल काढा आणि अँटेनापासून दूर व्हा, निरोप कितीही अर्धवट असो.

सेट जुना १०० वॉटचा मिळाला तरी चालेल, पॉवर २५ वर ठेवायची. ५ वॉटवर मोर्स छान चालतो, पण पावसाळी खरखरीत आवाज पोचवताना जीव जातो. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, १२.८ व्होल्ट, २० अँपिअर-अवर. नुसतं ऐकताना सेट साधारण १ अँपिअर खातो, २५ वॉटला बोलताना सात-आठ. तासातली दहा मिनिटं बोललात तर आठ-नऊ तास निघतात. वजन अडीच किलोच्या आसपास. शिसे-ॲसिडची ७ अँपिअर-अवरची बॅटरीही जवळपास तेवढीच जड, आणि तिची निम्मीच क्षमता वापरावी. सोलर पॅनेल आत्ता घेऊ नका, जुलैच्या आभाळात ते फार देत नाही. फ्यूज मात्र बॅटरीच्या अगदी जवळ हवा.

गेल्या जूनमध्ये सरावाला मी सगळं नेलं आणि बॅटरीचा प्लग सेटच्या वायरीला बसेना. तिथे माझी चाळीस मिनिटं गेली. घरी आल्यावर प्रत्येक वायरीला एकाच जातीचा अँडरसन प्लग लावला. तुम्ही पहिल्या दिवसापासून तसंच करा.

शिसपेन्सिल:
काकांच्या यादीत माझी भर: वही आणि शिसपेन्सिल, प्लास्टिकच्या पिशवीत. ओल्या कागदावर पेनची शाई पसरते. निरोप बोलण्याआधी लिहून काढा: कुणाचा, कुणाला, कुठून, किती वाजता, शब्द किती. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम केंद्र चालवायला आधीच पोर्ट ब्लेअरला गेलेले होते. तिथून त्यांनी किती घरांना आपली माणसं सुखरूप असल्याचे निरोप पोचवले! तुमच्या भावाला हवा होता तसाच एका ओळीचा निरोप असतो तो. त्यात नाव चुकलं तर भलत्याच घरी रडारड होते, म्हणून नावं अक्षर-अक्षर सांगायची.

आणि केबलचा वरचा सांधा रबर टेपने घट्ट गुंडाळा. पाणी आत शिरलं की एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेना सेटशी किती जुळते याचं माप, बिघडतो.

वाशिष्ठीकाठची:
काका, दादा, खूप आभार. म्हणजे आधी तार आणि बॅटरी, मग जुना सेट शोधते. एक अडचण आहे. आमची गच्ची जेमतेम १२ मीटर लांब. ४० ची तारसुद्धा सरळ मावणार नाही.

घाटमाथा:
मधला भाग सरळ ठेवा, उरलेली टोकं कठड्यालगत वळवून उंच लाकडी काठ्यांना बांधा. कठड्याच्या सळयांना ती टेकू देऊ नका. थोडी लांब कापा आणि एसडब्ल्यूआरचा मीटर बघत बघत छाटा. सेट आला की इथे कळवा. त्या रविवारी सकाळी ९ ला मी ७.११० च्या आसपास ऐकत बसेन, तुमचा आवाज लागेपर्यंत.