अंगावर चरबी असेल तर सोनोग्राफीने मोजलेला स्नायू खरा मानायचा का?

मांडवीपलीकडे
श्रावणाच्या सुरुवातीला आईचं गुडघा बदलण्याचं ऑपरेशन झालं. दहाव्या दिवशी म्हापशाजवळच्या एका फिजिओने मांडीच्या पुढच्या स्नायूची जाडी सोनोग्राफीने मोजली. २१ मिलिमीटर. चवथ झाल्यावर परत मोजली तर १९. लगेच निकाल: "स्नायू उतरतोय, प्रोटीन पावडर सुरू करा." डबे तिथेच मांडून ठेवलेले होते, हे वेगळं सांगायला नको. इकडे आई हात न टेकता खुर्चीतून उठायला लागली आहे. वजन ८४ किलो, आणि चवथीच्या नेवऱ्यांनी ते काही कमी केलेलं नाही. माझं मत सरळ आहे. मांडीवर एवढी चरबी असताना या यंत्राला दोन मिलिमीटरचं काही कळत नाही. जाड माणसांची ही तपासणी बंद करावी.

प्रोबवाली
मी फोंड्याला फिजिओ आहे, रोज हेच करते. दादा, डबे विकणाऱ्यावरचा राग यंत्रावर काढू नका. जाडी मोजणं म्हणजे पडद्यावरच्या दोन पांढऱ्या रेषांमधलं अंतर. यंत्र धरून चालतं की आवाज अंगातून सेकंदाला १५४० मीटर जातो. चरबीत तो साधारण १४५० नेच जातो. म्हणून तीन सेंटिमीटर चरबी पडद्यावर ३.२ च्या आसपास दिसते. पण ही चूक चरबीच्या खात्यात पडते, स्नायूच्या नाही. स्नायू थोडा खाली सरकलेला दिसतो, इतकंच.

काजूबी
कागदावर बरोबर. पण ताई, खोल बघायला तुम्ही फ्रिक्वेन्सी उतरवता ना? १० मेगाहर्ट्‌झचा आवाज चरबीतच दमतो. ५ वर आलात की त्या पांढऱ्या रेषा जाड आणि फिसकटलेल्या दिसतात. मग कर्सर रेषेच्या वरच्या काठावर ठेवायचा की खालच्या? तिथेच एक मिलिमीटर गेला. दुसरं, चित्र उजळ यावं म्हणून जाड मांडीवर हात आपोआप जोर देतो, आणि दाबला की स्नायू चपटा होतो.
आणि रंग तर विचारूच नका. स्नायूत चरबी मुरली की तो पडद्यावर पांढुरका दिसतो, त्यावरून म्हणे दर्जा ठरवतात. पण वरच्या चरबीने आवाज खाल्ला की खालचा स्नायू काळपट, म्हणजे उलट निरोगी दिसतो. ज्याचा स्नायू खराब असण्याची शक्यता जास्त, त्यालाच यंत्र चांगले गुण देतं! पात्रांव, मी तुमच्या बाजूने.

प्रोबवाली
रंगाबद्दल मान्य. वरच्या चरबीची जाडी धरून दुरुस्ती करण्याची सूत्रं आहेत, पण ती यंत्र आणि सेटिंग बदललं की तशीच्या तशी चालत नाहीत. म्हणून मी रंग रिपोर्टात लिहीतच नाही. जाडीचं मात्र सोडणार नाही. एकाच हाताने दोनदा मोजलं तर आयसीसी (मापं किती भरवशाची ते सांगणारा आकडा, जास्तीत जास्त १) ०.९ च्या वर सहज येतो, जाड माणसं धरूनही.

आकडेमोड
ही क्रिकेटची आयसीसी नव्हे, तरी इथेही निकाल कोण खेळतंय त्यावरच ठरतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एकाच तराजूवर पर्रा गावचं कलिंगड आणि मूठभर काजूबिया तोला. तराजू वीस ग्रॅमने चुकला तरी कोण जड हे शंभरदा बरोबर येईल. आयसीसी तेच सांगतो: माणसामाणसांतल्या फरकापुढे मोजण्यातली चूक केवढी. गटात बारीक-जाड सगळे घेतले की आकडा आपोआप फुगतो. "जाड माणसं धरूनही" हा ताईंचा मुद्दा म्हणूनच उलटा पडतो. आईंचा प्रश्न दोन मुठी बियांचा आहे. तिथे हवी मिलिमीटरमधली चूक, आणि तीही जाड मांड्यांवरच काढलेली.

साखळीकर
"जाड" कोणाला म्हणता ते आधी ठरवा. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला फोटो आठवा. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिनची ९.१. वजनकाटा बघून कोणाची तपासणी बंद करायची ठरवलं तर आपल्याकडचे सडपातळ दिसणारे निसटतील. चरबी मांडीवर मोजा, ती त्याच पडद्यावर दिसते.

प्रोबवाली
आकडेमोड, बरोबर पकडलंत. आता मी मांडवीपलीकडे दादांना विचारते: पहिलं माप दहाव्या दिवशी ना? तेव्हा मांडी सुजलेली असते, आणि सुजेचं पाणी स्नायूतही असतं. म्हणजे संशय घ्यायचा तर २१ वर घ्या. १९ कदाचित खरंच असेल, आणि तरी काही "उतरलं" नसेल. चरबी यात आलीच कुठे?

मांडवीपलीकडे
हे कुणी सांगितलं नव्हतं. पण मग ती उठते ती कशी? स्नायू वाढल्याशिवाय?

काजूबी
आता तुमच्याच विरुद्ध बोलतो. दुखणं कमी झालं की माणूस उठतं. त्यावरून स्नायू भरला असं म्हणता येत नाही.

प्रोबवाली
पुढच्या वेळी त्याच माणसाकडून करून घ्या. कमरेचं पुढचं हाड ते गुडघ्याची वाटी यांमधली जागा टेपने मोजून पेनने खूण करायला सांगा. जेल भरपूर, प्रोब नुसता टेकलेला, तीन मापं आणि सरासरी. आणि दुसऱ्या पायाचं जुनं माप मागून घ्या. तिथे ऑपरेशनची सूज नव्हती. तोही दोन मिलिमीटरने कमी आला असेल तर वेगळं बोलू.

मांडवीपलीकडे
फाईल काढून पाहिली. दुसरा पाय दोन्ही वेळा मोजलेलाच नाही.