प्रतिसाद : पैसा आधी रिप्रो (भंगार प्लास्टिक वितळवून केलेल्या) दाण्यावर लावा

पॉलिमर संशोधनाचा सरकारी पैसा आधी बायोप्लास्टिककडे वळवा, असं मूळ लेखात म्हटलंय. विरोध नाही, पण पीएलए (मक्यासारख्या पिकांपासून बनणारं बायोप्लास्टिक) नीट कुजायला साधारण ६० अंशांचं औद्योगिक कंपोस्टिंग लागतं. कचऱ्याच्या ढिगात ते आपोआप होत नाही.

आमच्या नवी मुंबईतल्या रबाळ्याच्या मोल्डिंगच्या गाळ्यात रोजची डोकेदुखी वेगळीच. रिप्रो पीपी (पॉलिप्रॉपिलीन) दाण्याची प्रत्येक गोणी वेगळी वागते. पीपी जितक्या वेळा वितळवाल तितक्या त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात, एमएफआय (वितळलेला माल किती सहज वाहतो त्याचं माप) वाढतो. काल नीट चाललेला साचा आज त्याच सेटिंगवर फ्लॅश मारतो (फटीतून जादा माल कडेला बाहेर येतो) आणि ऑपरेटर ब्लेड घेऊन कडा तासत बसतो. त्यात भंगारातून पॉलिथिन आलं असेल तर दोन्ही एकजीव होत नाहीत, डबा वेल्ड लाइनवर (साच्यात मालाचे दोन प्रवाह जुळतात त्या रेषेवर) तडकतो. वासाबद्दल तर बोलायलाच नको.

केंद्राच्या नियमांनी मात्र डबे-बाटल्यांसारख्या कडक पॅकेजिंगमध्ये २०२५-२६ पासून ३० टक्के रिसायकल माल मागितलाय. मग वर्गीकरण, कॉम्पॅटिबिलायझर (न मिसळणारी प्लास्टिकं जोडून ठेवणारं रसायन), वास काढणं आणि गाळ्यात परवडेल अशी झटपट चाचणी, हे आधी घ्या की! मोठ्या कंपन्या आपलं बघून घेतील, छोट्या मोल्डरने प्रयोगशाळा कुठून आणायची? पुण्यात एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), माटुंग्याला आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था). माणसं हुशार आहेत, पण शोधनिबंध छापला की प्रकल्प संपला, असं नको. निधीचा शेवटचा हप्ता नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या दोन-चार कारखान्यांच्या मशीनवर निकाल दिसल्यावरच सोडावा.

वेफर्सच्या पुड्यांचा बहुस्तरीय (वेगवेगळे थर चिकटवलेला) माल वेगळा. तिथे मूलभूत संशोधनाला खुशाल दहा वर्षं द्या.