मदत हवी आहे : सॅन होजेची वीजखरेदी आणि शहराची तिजोरी

नमस्कार मंडळी,

मी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात राहते. जूनमध्ये इथलं सिटी कौन्सिल शहराचं बजेट मंजूर करतं. त्याआधीच्या जाहीर सुनावणीत बोलायचं मी ठरवलंय. बोलायला जेमतेम दोन मिनिटं मिळतात, त्यात चुकीचं काही तोंडून जायला नको. या फोरमवर वीज आणि सरकारी हिशेब या दोन्ही क्षेत्रांतले जाणकार आहेत, म्हणून विचारते.

निमित्त असं झालं की आमच्या वस्तीच्या बैठकीत एक वयस्कर शेजारी म्हणाले, "शहर विजेच्या धंद्यात पडलंय. उद्या खोट आली की लायब्ररीचे तास कापतील." माझ्या पोटात गोळाच आला. माझी दोन्ही मुलं त्या लायब्ररीत लहानाची मोठी झाली. आणि शहराची ही स्वच्छ वीजखरेदीही मला मनापासून हवी आहे. तेव्हा ही भीती किती खरी, ते मला नीट समजून घ्यायचंय.

कॅलिफोर्नियाबाहेरच्यांसाठी थोडं सांगते. २००२ च्या एबी ११७ या कायद्याने इथल्या शहरांना आणि काउंटींना आपल्या रहिवाशांसाठी एकत्र वीज विकत घ्यायची मुभा मिळाली. २०१० मध्ये मरीन काउंटीने सुरुवात केली. खांब, तारा, मीटर आणि बिल पीजी अँड ई या खासगी वीज कंपनीकडेच राहतात, बदलतो तो फक्त वीज खरेदी करणारा. ग्राहक आपोआप सामील होतो, नको असेल तर त्याने कळवून बाहेर पडायचं. आसपासच्या बहुतेक शहरांनी मिळून वेगळी संस्था काढली. उदाहरणार्थ सनीवेल, क्युपर्टिनो, माउंटन व्ह्यू वगैरेंची सिलिकॉन व्हॅली क्लीन एनर्जी. सॅन होजेचं मात्र तसं नाही. इथे सॅन होजे क्लीन एनर्जी हे शहराचंच एक खातं आहे, आणि माझी सगळी शंका इथूनच सुरू होते.

माझे बाबा दादरला बेस्टचं बिल भरायचे. विजेच्या पैशातून बसचा तोटा भरून निघायचा, बिलात त्याचा आकारही लागायचा. पुढे ते बंद झालं. त्यामुळे एका खिशातला पैसा दुसऱ्या खिशात जातो हे मी घरातच पाहिलंय. शेजारच्या सँटा क्लारा शहराची तर स्वतःची वीज कंपनी आहे आणि तिच्या एकूण उत्पन्नाचे ५ टक्के शहराच्या जनरल फंडात, म्हणजे लायब्ररीसारख्या रोजच्या सेवा चालवणाऱ्या तिजोरीत जमा होतात. आमच्याकडे असा पैसा शहराकडे जातो का? आणि उलट दिशेने, म्हणजे वीजखात्याला तोटा झाला तर तो शहराच्या माथी बसतो का?

दुसरं म्हणजे, २०२१ च्या मे महिन्यात रिव्हरसाइड काउंटीतली वेस्टर्न कम्युनिटी एनर्जी दिवाळखोरीत गेली. २०२० च्या ऑगस्टमधल्या उष्णतेच्या लाटेत विजेचे भाव भडकले होते, ते तिला झेपले नाहीत. तसं आमच्याकडे झालं तर काय होईल? हाच प्रश्न मला रात्री छळतो.

प्रतिसाद :
ताई, आधी बिल बघा. त्यात शहराचा ५ टक्के युटिलिटी युजर्स टॅक्स, म्हणजे वीजवापरावरचा कर दिसेल. वीज कोणीही विकत घेतली तरी तो लागतो आणि जनरल फंडात जातो. 'फ्रँचाइझ फी सरचार्ज'ही दिसेल. शहराच्या रस्त्यांवर तारा-खांब टाकू देण्याबद्दल वीज कंपनी शहराला फी देते; वीज पीजी अँड ईकडून न घेतल्यामुळे ती बुडू नये म्हणून हा सरचार्ज आहे. म्हणजे या दोन्ही बाबतींत शहराचं नुकसान नाही. राहिला प्रश्न नफा उचलण्याचा. २०१० च्या प्रपोझिशन २६ या मतदारांनी मंजूर केलेल्या राज्याच्या नियमानुसार खर्चापेक्षा जास्त घेतलेला आकार हा कर ठरू शकतो आणि त्याला मतदारांची मंजुरी लागते. रेडिंग शहर आपल्या वीजखात्यातून जनरल फंडात पैसे वळवायचं, त्यावरच्या खटल्यात २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शहराची बाजू उचलून धरली, पण तिथल्या वीजखात्याला दरांखेरीज दुसरं पुरेसं उत्पन्न होतं म्हणून.

प्रतिसाद :
वेस्टर्नबद्दल. ती सहा शहरांची स्वतंत्र संस्था होती. तिने दिवाळखोरी जाहीर केली, शहरांनी नाही. ग्राहक परत सदर्न कॅलिफोर्निया एडिसन या तिथल्या खासगी वीज कंपनीकडे गेले, कोणाच्या घरी अंधार झाला नाही. अशा संयुक्त संस्थेचं कर्ज सहसा सभासद शहरांवर येत नाही. सॅन होजेत ही भिंत नाही, फक्त वेगळा निधी आहे. हिशेब वेगळा ठेवणं आणि कायद्याने वेगळी संस्था असणं या दोन गोष्टी भिन्न आहेत. पीसीआयए, म्हणजे पीजी अँड ईच्या जुन्या महाग करारांपोटी सोडून गेलेल्या ग्राहकांना भरावा लागणारा आकार, वाढला तेव्हा वीजखात्याची रोकड आटली आणि शहराच्या अल्पमुदतीच्या कर्जरोख्यांचा आधार घ्यावा लागला. पुढे बाजारभाव चढले तसा तो आकार उतरला आणि खात्याला उसंत मिळाली. तुमचे शेजारी अगदीच चूक बोलत नाहीयेत.

धागाकर्ती :
दोघांचे मनापासून आभार. बिल काढून पाहिलं, दोन्ही ओळी सापडल्या. इतकी वर्षं मी फक्त शेवटचा आकडा बघत होते.

आता दोन मिनिटांत लायब्ररीची भीती घालायची नाही, असं ठरवलंय. फक्त दोन गोष्टी विचारणार : वीजखात्याकडे किती दिवसांचा खर्च भागेल इतकी रोकड आहे, आणि पुन्हा कर्ज लागलं तर त्याला तारण काय असेल? प्रश्न विचारण्याआधी शहराचा वार्षिक हिशेब स्वतः वाचायचाय. वीजखात्याच्या निधीची पानं उघडून बसलेय, पण 'रिस्ट्रिक्टेड' आणि 'अनरिस्ट्रिक्टेड' शिलकेतला फरक कळत नाहीये. कोणी सरकारी हिशेबातलं शनिवारी सकाळी तासभर फोनवर समजावून देईल का? आकडे लिहून तयार ठेवते.