घरचा ग्रुप: शून्य की पन्नास टक्के?

दादा (न्यू जर्सी): नानाकाका, काल विचारलंत ना, एका चेंडूत कारकीर्द संपलेला कुणी आहे का? आहे, पण बेसबॉलमधला. अ‍ॅडम ग्रीनबर्ग. 9 जुलै 2005, शिकागो कब्स संघाकडून मोठ्या लीगमधला पहिला सामना, फ्लोरिडा मार्लिन्सविरुद्ध, नवव्या इनिंगला बदली बॅटर. पहिलाच चेंडू डोक्यात. ताशी 92 मैल!

नानाकाका: अरेरे. हेल्मेट नव्हतं?

दादा: होतं. त्याच्या कडेखाली, कानामागे बसला.

नानाकाका: नरी काँट्रॅक्टर आठवला. 1962, बार्बाडोस, वेस्ट इंडिजचा बोलर ग्रिफिथ. कवटी फुटली. कॅप्टन होता आपला. नंतर कसोटी नाहीच.

आत्या: गेला का रे तो मुलगा??

दादा: नाही गं. पण भोवळ यायची, नीट दिसेना. पुढच्या वर्षी कब्सनी सोडून दिलं. मग छोट्या लीगमध्ये खेळत राहिला.

बाबा: म्हणजे शून्यावर आउट.

दादा: आउट कुठे, बाबा! चेंडू अंगाला लागला की पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा, फुकट. आणि असं झालं तर ती 'अ‍ॅट बॅट', म्हणजे हिशेबातली बॅटिंगची पाळी, धरतच नाहीत. म्हणजे रेकॉर्डमध्ये याने बॅटिंग केलेलीच नाही.

ताई: पेपरला बसला, बेल व्हायच्या आत दवाखान्यात 😐

दादा: पुढे ऐका. 2011 मध्ये एका स्वतंत्र लीगमध्ये समोर बोलिंगला कोण? तोच डे लॉस सांतोस, ज्याचा चेंडू लागला होता. याने सरळ सिंगल मारली, म्हणजे चेंडू मारून पहिला बेस गाठला.

नानाकाका: वा! गडी आहे.

दादा: मग लोकांनी मोहीम काढली, याला मोठ्या लीगमध्ये एकदा तरी बॅटिंग द्या म्हणून. 2 ऑक्टोबर 2012 ला मार्लिन्सनीच एका दिवसाचा करार केला. स्टेडियम उभं राहिलं. समोर बोलिंगला न्यूयॉर्क मेट्स संघाचा आर. ए. डिकी, त्या मोसमात 20 सामने जिंकलेला. नकल बॉल टाकायचा, चेंडू फिरतच नाही, हवेत डुलत येतो. तीन चेंडू, एकही मारता आला नाही, आउट.

आत्या: मग काय उपयोग? दया म्हणून बोलावलं आणि सगळ्यांसमोर आउट केलं. एक सोपा टाकायचा ना मेल्याने.

नानाकाका: सोपा टाकला असता तर ती दया झाली असती, माई. खरा चेंडू टाकला तेच बरं.

आत्या: तुला काय जातंय बोलायला.

बाबा: हिशेब सांग. दोनदा आला, हिट एकही नाही. सरासरी शून्य ना?

दादा: बॅटिंग सरासरी शून्य. पण बेसवर पोचण्याचं प्रमाण वेगळं मोजतात. दोनात एकदा पोचला, म्हणजे .500, पन्नास टक्के. तेवढं मोठमोठ्यांनाही जमत नाही 😄

बाबा: मार खाल्ला त्याचे मार्क धरता?

दादा: धरतात.

नानाकाका: शून्यही खरं, निम्मंही खरं. हे नियम आमच्या सोसायटीच्या खजिनदाराने लिहिलेले दिसतात.